पोवळं खाणारा मासा आणि माझा एकच नियम

‘वर्ध्यात माशांचं दुकान? समुद्र कुठंय तुमच्याकडे?’ हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता उत्तरही देत नाही. वर्ध्यात कापूस पिकतो, म्हणून काय इथले लोक फक्त सदरेच घालतात? माणसाला जे जवळ नसतं त्याचीच हौस असते, आणि माझं दुकान त्या हौसेवर चाललं. बाजारातल्या गल्लीत काचेच्या टाक्या, गोल्डफिश, गप्पी, एंजल, हवेचे पंप, रंगीत दगड असं सगळं विकता विकता माझे केस पांढरे झाले. लोक मला नावानं ओळखत नाहीत, ‘मासेवाल्या ताई’ म्हणतात. बँकेत, दवाखान्यात, लग्नाच्या मांडवातसुद्धा. एकदा एका नवरीनं अंतरपाट दूर व्हायच्या आधी मला खूण करून विचारलं होतं, की मासे दोन दिवस उपाशी राहिले तर चालेल का. (चालतं. जास्त खाऊ घालूनच लोक मासे मारतात.)

दुकान कधी काढलं, कसं वाढलं, ते सांगत बसत नाही. सांगण्यासारखा माझा नियम आहे. मासा खाताना पाहिल्याशिवाय मी तो कुणाला देत नाही. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, मी टाकीत चिमूटभर खाद्य टाकते. माशानं वर येऊन खाल्लं की पिशवीत भरते. नाही खाल्लं तर उद्या या.

हा नियम माझ्या बाबांचा. आम्ही केळझरचे, शेतीवाडीवाले. बैल विकत घेताना लोक दात बघतात, शिंगं बघतात, चालवून बघतात. बाबा हे सगळं करत आणि शेवटी कडब्याची पेंढी बैलापुढे टाकून शांतपणे बाजूला उभे राहत. विकणारा चुळबुळ करायचा. बाबा म्हणायचे, ‘त्याले जेवू दे बापा. जो जेवते तो जगते.’ मी तेच माशाला लावलं. बैलाच्या मानानं माशाचं पोट ते केवढं, पण न्याय एकच.

या नियमापायी माझी गिऱ्हाइकं गेली, हेही सांगायला हवं. एका कचेरीतले मोठे साहेब वास्तुदोषासाठी मासे न्यायला आले होते. आठ सोनेरी आणि एक काळा, असा त्यांचा हिशेब असतो, काळा मासा मेला की घरावरचं संकट त्यानं नेलं असं मानतात. त्या दिवशी काळा मासा रुसलेला होता. मी दिला नाही. साहेब म्हणाले, ‘अहो, त्याले तसंही मराचंच आहे न!’ मी म्हटलं, ‘मंग माह्या दुकानात मरू द्या, तुमचं संकट माह्याकडे जमा.’ ते परत आले नाहीत. मला वाईट वाटलं नाही.

आता मधुकरभाऊंची गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

मधुकरभाऊंची जिनिंग आहे, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना. मोठा माणूस, आवाजही मोठा, घर त्याहून मोठं. गळ्यात माळ, घरात अंडंसुद्धा चालत नाही. बोटात पोवळ्याची अंगठी. त्यांची लेक लग्नानंतर नवऱ्याबरोबर लक्षद्वीपला फिरायला गेली आणि तिथून तिनं बापाला समुद्राखालचा एक फोटो पाठवला. तो फोटो घेऊन भाऊ दुकानात आले.

‘ताई, हा मासा पाहिजेन मले. दोन.’

फोटोत दोन मासे शेजारी शेजारी पोहत होते. तळहाताएवढे, पिवळसर, अंगभर जांभळट निळ्या बारीक रेघा, डोळ्यावरून काळा पट्टा, आणि तोंड म्हणजे सोनाराचा बारीक चिमटा. आमच्या धंद्यात त्याला मेलन बटरफ्लाय म्हणतात. इतका देखणा मासा की तो बघून मलाही क्षणभर हाव सुटली.

‘नाई भाऊ. हा मासा मी देत नाई.’

‘काऊन? पैशाची गोष्ट आहे का?’

‘पोटाची गोष्ट आहे.’

मग मी त्यांना बसवून समजावलं. तेच तुम्हालाही सांगते, म्हणजे पुढचं कळेल. समुद्रात प्रवाळ असतो. दिसायला दगड, पण तो जीव आहे. त्या दगडाच्या अंगावर दाटीवाटीनं चिमुकली मऊ तोंडं असतात. हा मासा जन्मभर तीच तोंडं खुडून खातो. दुसरं काही खात नाही, म्हणजे दुसरं काही अन्न असतं हे त्याला ठाऊकच नाही. आपण टाकीत कोरडं खाद्य टाकलं, कोळंबी टाकली, तरी तो तिच्याकडे ढुंकून बघत नाही. भरल्या ताटासमोर उपाशी मरतो. आणि जिवंत प्रवाळ समुद्रातून काढणं, विकणं आपल्याकडे कायद्यानं गुन्हा आहे. म्हणजे त्याचं जेवण आणता येत नाही आणि दुसरं जेवण त्याला चालत नाही. हा मासा घरच्या टाकीसाठी नाहीच.

भाऊंनी ऐकून घेतलं. मी त्यांच्या बोटाकडे बघून म्हटलं, ‘तुमच्या अंगठीतलं पोवळं हाय न, त्याच्याच गोतातलं खाते तो.’

‘मंग अंगठी टाकतो त्यात!’ असं म्हणून ते एवढ्या मोठ्यानं हसले की टाकीतले गप्पी तळाला गेले.

त्याच घराण्यातले, कोळंबी खाणारे दुसरे मासे मी सुचवले. पट्टेवाले जोकर मासे दाखवले. भाऊंना ते नको होते. ‘पोरीनं पाह्यला तोच पाहिजेन. म्या समुद्र पाह्यला नाई ताई. पान्याचं भेव वाटते मले. तिकडं जानं होत नाई, मंग समुद्रच इकडं आनतो न!’

बाप माणसाचं असं बोलणं ऐकून नाही म्हणणं जड जातं. तरी मी नाही म्हटलं. भाऊ उठले. मोठी टाकी, तिची देखभाल, सगळं काम माझ्याकडे यायचं होतं, ते दुसरीकडे गेलं.

वर्ध्यात समुद्राचं पाणी ठेवणं म्हणजे काय, ते आमच्या उन्हाळ्यात राहिलेल्यालाच कळेल. आधी गाळून शुद्ध केलेलं पाणी घ्यायचं, त्यात समुद्री मीठ कालवायचं, खारटपणा मोजायचा. मग ते पाणी लोणच्यासारखं मुरू द्यायचं, घाई केली की नासतं. एवढं करून मे महिना येतो. तेव्हा आमच्या नळालासुद्धा चहाचं आधण येतं. टाकीला थंड ठेवणारं यंत्र लागतं, ते बंद पडू नये म्हणून इन्व्हर्टर लागतो. भाऊंनी सगळं केलं. पैशानं होण्यासारखं होतं ते सगळं झालं.

आणि एका सकाळी त्यांचा फोन आला. मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

‘ताई, मासा खाऊन नाई राह्यला.’

मी ऑटो केला आणि गेले. दिवाणखान्यात भिंतभर टाकी, आत सिमेंटचे रंगवलेले खडक, आणि त्यांच्यामध्ये तो एकटा मासा. भाऊंनी लांबच्या शहरातून जोडी मागवली होती. थर्माकोलच्या डब्यात, प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून, रेल्वेनं. एक पिशवीतच गेला. दुसरा आल्यापासून खडकांवर चोच मारून बघत होता. प्रत्येक खडकाला चोच मारायची, थबकायचं, पुढच्या खडकाकडे जायचं. सिमेंट ते. त्यात काय असणार! त्याच्या पाठीची कड धारेसारखी दिसायला लागली होती. माशाची पाठ बसली की त्याचे दिवस भरत आले समजायचं.

मला राग आला. तो सरळ भाऊंवर काढला. ‘मी सांगतलं होतं न तुमाले?’

‘सांगतलं होतं,’ भाऊ म्हणाले. ‘आता शिव्या द्या, पन याले वाचवा. लेकीले फोटो पाठवून बसलो मी. रोज विचारते, बाबा, कसा आहे मासा म्हनून.’

मासा मी दुकानात आणला. मागच्या खोलीतल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत सोडला. विकायला नाही, जगवायला.

लाजऱ्या माशाला खायला शिकवायची माझी एक रीत आहे. मी तिला पंगत म्हणते. एखाद्या खादाड माशाशेजारी त्याला सोडायचं. शेजारचा हाणतोय बघून यालाही चव येते. इथे ती रीत चालली नाही. खादाडानं सगळं फस्त केलं आणि हा बिचारा कोपऱ्यात. मग मी दुसरं केलं. या माशाचं तोंड खुडण्यासाठी घडलेलं, तर त्याला खुडता येईल असं द्यायचं. गिरडच्या दर्ग्याला गेलं की सगळे टेकडीच्या वाटेवर सुपारीसारखे गोल दगड वेचतात. मी मात्र टाकीच्या शोभेसाठी भोकाभोकांचे दगड उचलून आणते. त्यातला एक घेतला, उकळला. नदीतल्या शिंपल्यांचं मांस आणि कोळंबी खलबत्त्यात कुटली, वासासाठी लसणाचा थेंब घातला, आणि तो गोळा बोटानं दगडाच्या प्रत्येक भोकात दाबून भरला. पुरण भरतात तसा. वरून दगड हुबेहूब प्रवाळासारखा दिसेना, पण निदान भोकाभोकातून मऊ काहीतरी डोकावत होतं.

मासा आला. बघितलं. परत गेला.

रोज नवा दगड भरायचा, संध्याकाळी वास मारायला लागला की काढून धुवायचा. भाऊ रोज येऊन बसत. आमचे हे म्हणाले, ‘अगं, दवाखान्याबाहेर बसल्यासारखे बसतात ते.’ मला आतून खात्री वाटत नव्हती. मी भाऊंना तसं सांगितलंही.

मग एके दुपारी शोभावहिनी आल्या. भाऊंच्या पत्नी. नवरा कारखाना सोडून रोज कुठे जाऊन बसतो ते बघायला आल्या असाव्यात. टाकीसमोर उभ्या राहिल्या, पदरानं घाम पुसला आणि म्हणाल्या, ‘याची जोडी कुठं आहे?’

मी म्हटलं, जोडी वाटेतच गेली. हे मासे समुद्रातही जोडीनंच फिरतात.

‘मंग एकट्याच्या नरड्याखाली घास कसा उतरन?’ असं म्हणत त्यांनी पर्समधून कुंकवाचा छोटा आरसा काढला आणि काचेला टेकवला. मला हसू आलं. पण मासा वळला. पाठीवरचा पर उभारून आरशाजवळ आला, थोडा मागे सरला, पुन्हा आला. इतक्या दिवसांत मी त्याला असा बघितला नव्हता. मी पटकन हात घालून दगड आरशासमोर सरकवला. मासा आरशातल्याशी झुंजत होता की त्याला भेटत होता, देव जाणे. पण फिरता फिरता त्याची चोच दगडाला लागली आणि त्यानं एक तुकडा खुडला. गिळला. मग दुसरा.

‘खाल्लं!’ भाऊ एवढ्या मोठ्यानं ओरडले की बाजूच्या दुकानातले लोक धावत आले. वहिनींनी आरसा तसाच धरून ठेवला होता, हात भरून आला तरी. आरशाचाच गुण होता असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. भूक अनावर झाली असेल, वेळ आली असेल. पण आरशाशिवाय ते झालं नसतं, असं वहिनी आजही सांगतात आणि मी त्यांना खोडत नाही.

मासा खायला लागला. पाठ भरली, रेघा उजळल्या. धंद्यातल्या जुन्या लोकांना सांगितलं तर कुणी विश्वास ठेवीना. मला सरळ सरळ अभिमान वाटला, अजून वाटतो.

आणि मग भाऊंनी मला माझ्याच नियमात धरलं.

‘ताई, आता द्या मासा.’

‘नाई.’

‘काऊन नाई? नियम तुमचा. खाताना पाह्यलं की देता. आम्ही सगळ्यांनी पाह्यलं!’

बरोबर होतं त्यांचं. बैल पेंढी खाताना दिसला की बाबांना दुसरं काही बघायचं नसे, कारण पेंढी कुणीही टाकू शकतं. हा मासा मात्र माझ्या हातानं भरलेला दगड खात होता. रोज ताजं कुटलेलं, दाबून भरलेलं. भाऊंच्या घरी ते कोण करणार? घरात अंडं चालत नाही. नोकरावर सोडलं तर दोन दिवस करेल, तिसऱ्या दिवशी कंटाळेल. चौथ्या दिवशी मासा पुन्हा सिमेंटला चोच मारत फिरेल.

मी म्हटलं, ‘माशाले खाताना पाह्यलं. आता खाऊ घालनाऱ्याले पाहाचं आहे. इथं या, शिंपले फोडा, कुटा, दगड भरा. तुमी. नोकर नाई.’

भाऊंचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांनी गळ्यातल्या माळेला हात लावला. मला वाटलं, मी सुटले. हा माणूस आता घरी जाईल आणि मासा माझ्याकडे राहील.

दुसऱ्या दिवशी आले. माळ काढून खिशात ठेवली, बाह्या सरसावल्या. पहिला शिंपला फोडला आणि बाहेर जाऊन उलटी करून आले. परत बसले. लोक कापसाच्या बाजारात ज्याला घाबरतात तो माणूस माझ्या मागच्या खोलीत पाटावर बसून, नाकाला रुमाल बांधून शिंपले कुटत होता. हात जाड, भोकं बारीक, गोळा बाहेरच पडायचा. मग त्यांनी स्वतःच युक्ती काढली. दाभणाचं टोक घासून बोथट केलं आणि त्यानं मांस आत सारायला लागले. माझ्यापेक्षा सफाईनं. ते दाभण नंतर मीही वापरायला घेतलं.

ज्या दिवशी मासा त्यांनी भरलेला दगड खायला लागला, त्या दिवशी मी पिशवी काढली.

घरी शोभावहिनींनी अंगणात लिंबाच्या झाडाखाली जागा दिली. खलबत्ता वेगळा, बादली वेगळी, काम झाल्यावर अंघोळ केल्याशिवाय आत यायचं नाही. मी एकदा एकादशीला गेले, तर भाऊ झाडाखाली कुटत बसलेले. मी म्हटलं, ‘आज बी?’

‘मी भगर खाईन ताई. त्याले कोनता उपास?’

मासा जगला. उन्हाळा काढला, दिवाळी पाहिली, पुन्हा उन्हाळा काढला. टाकीच्या काचेवर बाहेरून वहिनींचा आरसा कायम चिकटवलेला. गावातून लोक बघायला यायचे आणि तिथून थेट माझ्याकडे, ‘ताई, मधुकरभाऊकडे आहे तो मासा पाहिजेन.’ असाच एक नवा बंगलेवाला आला तेव्हा भाऊ दुकानातच बसलेले होते. मी तोंड उघडायच्या आत तेच बोलले.

‘कुटता का रोज? लग्नाले गेले तर कोन कुटन? लाइट गेली तर? म्या तो आल्यापासून एक रात्र घर सोडलं नाई. लेक बोलावून बोलावून थकली, तिच्याकडं गेलो नाई. मासा मी नाई पाळला बापा, मले माशानं पाळलं.’

बंगलेवाला गोल्डफिश घेऊन गेला. भाऊ हसत होते, पण लेकीचं बोलताना ते माझ्याकडे न बघता टाक्यांकडे बघत होते. जिच्या फोटोसाठी समुद्र घरी आणला, ती लेकच त्या समुद्रानं लांब ठेवली होती.

मासा एका सकाळी शांतपणे गेला. आदल्या दिवशी जेवला होता. भाऊंनी फोन केला नाही, स्वतः आले आणि गिरडचा दगड घासूनपुसून माझ्या काउंटरवर ठेवला. ‘लिंबाखाली पुरला,’ एवढंच म्हणाले. आम्ही दोघं रडलो. एका माशासाठी दोन म्हातारी माणसं रडत होती आणि गिऱ्हाईक दारात ताटकळत होतं.

तो दगड अजून काउंटरवर आहे. कुणी फोटो दाखवून तसला मासा मागितला की मी दगड पुढे सरकवते आणि सगळं सांगते. बहुतेक जण जोकर मासे घेऊन जातात. माझ्या दुकानातून मेलन बटरफ्लाय आजवर विकला गेलेला नाही. विकलेल्या सगळ्या माशांपेक्षा या न विकलेल्याचा मला जास्त अभिमान आहे.

मागच्या हिवाळ्यात दुकानात गर्दी होती आणि फोन वाजला. भाऊच. मागे वाऱ्याचा आवाज. लेक आणि जावई त्यांना धरून लक्षद्वीपला घेऊन गेले होते. पाण्याला घाबरणारा माणूस काचेच्या तळाच्या नावेत बसून आला होता आणि किनाऱ्यावर पाय लागल्या लागल्या त्यानं मला फोन लावला होता.

‘ताई! दोघं होते. जोडीनं. खाऊन राह्यले होते ताई, जित्त्या पोवळ्यावर! कोनी कुटून देत नाई, कोनी भरून देत नाई. म्या माह्या डोळ्यानं पाह्यलं!’

माझ्या हातात पिशवी होती, समोर गिऱ्हाईक उभं होतं. पिशवी मी काउंटरवरच्या दगडाशेजारी ठेवली.

‘खाताना पाह्यलं न भाऊ?’ मी म्हटलं. ‘मंग झाले तुमचे. राहू द्या तिथंच.’